आडसाली लागण, ॲट्राझिन आणि ओढ्यातले मासे

कृष्णाकाठ (भिलवडी):
आमच्या घरात तीन पिढ्यांपासून जाळं आहे. उसाची आडसाली लागण झाली की चार दिवसांत ॲट्राझिन हे तणनाशक मारतात आणि पंप ओढ्यातच धुतात. परवा चुलत्यांबरोबर ओढ्याच्या तोंडाशी गेलो. पाण्यावर पांढुरका फेस, कडेला खवल्या मासे पोट वर करून पडलेले, दोन रोहू तोंड वर काढून हवा गिळत होते. चुलत्यांनी एकाचा कल्ला उघडून दाखवला. एरवी लालभडक असतो, हा फिकट पडलेला, वर बुळबुळीत थर. माझं म्हणणं एवढंच, ओढ्याकडच्या दोन सऱ्यांत तणनाशक मारूच नये.

ऊसवाला (पलूस):
दादा, तुमचं नुकसान दिसतंय. पण खुरपायला बाई मिळत नाही, आणि हरळी-लव्हाळा महिनाभरात उसाला गिळतो. मासा मेला की खापर शेतकऱ्यावरच का? मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत माशांचा खच पडला होता, तेव्हा संशय साखर कारखान्याच्या मळीच्या पाण्यावर होता. गावोगावचं सांडपाणी तर रोजचंच. ॲट्राझिन झाडाचं अन्न तयार करणं बंद पाडतं. माशाच्या अंगात ती क्रियाच नाही.

प्राणिशास्त्र शिकवते (विटा):
मळीबद्दल तुमचं बरोबर आहे, शेवटच्या मुद्द्यावर नाही. पाण्यातलं शेवाळही झाडासारखंच अन्न करतं. ते मेलं की ऑक्सिजन तयार होणं थांबतं, वर कुजताना उरलासुरलाही खातं. म्हणून रोहू वर येतो. मरळ थेट हवेतून श्वास घेते, ती तगते. आणि सगळं नुकसान मरणातच दिसतं असं नाही. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेच्या २०१० च्या प्रयोगात लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम इतक्या कमी ॲट्राझिननेही एका लहान माशाची अंडी घटली. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाच्या काही औषधांत तर पानाला चिकटावं म्हणून जे मिसळतात, तेच माशांना मूळ रसायनापेक्षा जास्त घातक ठरतं. आपल्याकडे आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, पहिल्या मोठ्या सरीला औषध ओढ्यात, आणि रोहू-कटल्याचा अंडी घालायचा हंगामही तोच. मला सगळ्यात जास्त काळजी या गाठीची वाटते.

ऊसवाला (पलूस):
ताई, तो प्रयोग टाकीतला. आमच्या ओढ्यात किती उतरतं ते कुणी मोजलंय? केंद्राच्या २०२० च्या बंदीच्या मसुद्यात २७ औषधं होती, त्यात ॲट्राझिनही होतं. अंतिम आदेशात ते आलं नाही. सरकार विकू देतं आणि जाब आम्हाला विचारता. पंप ओढ्यात धुणं मात्र चूकच, ते मी कबूल करतो. यापुढं बांधाच्या आतच धुईन, ते पाणी सरीतच फवारीन. दोन सऱ्या सोडणार नाही. तिथूनच हरळी आत शिरते.

कृष्णाकाठ (भिलवडी):
हरळीचीच अडचण असेल तर त्या दोन सऱ्या आम्ही खुरपतो. घरचे चौघं येतो, मजुरी नको. उरलेल्या वावराची लागण कधी धरताय तेवढं कळवा.