ठाण्यात तळ्याकाठी घर: उपवन घ्यावं की कचराळी?

रंकाळाकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

सध्या मुलुंडला भाड्याने राहतो. मी, बायको, सहावीतली लेक आणि आई (वय ७३, गुडघे कुरकुरतात पण सकाळचा फेरा चुकवत नाही). माझं ऑफिस ऐरोलीला, बायकोचं वागळे इस्टेटमध्ये. घर ठाण्यात घ्यायचं एवढं ठरलंय आणि दोन जागांवर गाडी अडली आहे.

पहिली उपवन तलावासमोर. तिसरा मजला, इमारत १९९४ची, लिफ्ट आहे. हॉलच्या खिडकीतून अख्खं पाणी आणि मागे येऊरचा डोंगर. दुसरी पाचपाखाडीत, कचराळी तलावापासून दोन गल्ल्या आत, पाचवा मजला. खिडकीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं, बाकी काही नाही. किंमत उन्नीस-बीस, कचराळीवालं चाळीसेक चौरस फूट लहान.

मी मूळचा कोल्हापूरचा, रंकाळ्याच्या काठी वाढलेला. पाणी दिसलं की माझी अक्कल गहाण पडते असं बायकोचं मत आहे. तिच्या मते तळं बघायला जायचं असतं, तिथे बिऱ्हाड मांडायचं नसतं. एजंट तर "लेक व्ह्यू" असं म्हणतो की जणू ते तळं त्याच्या आजोबांनी खणलंय.

तर, जे खरोखर तळ्यासमोर राहतात त्यांनी सांगा. डास किती? वास येतो का? भिंतींना ओल? आणि आईला दिवसभर घरी एकटीने राहायचं आहे, त्या दृष्टीने काय?

डोंगरवाडी

घ्या बिनधास्त. ठाण्यात खिडकीतून पाणी दिसणं म्हणजे लॉटरी. आमच्या घोडबंदरला फक्त मेट्रोचे खांब दिसतात.

पोखरणचे आजोबा

रंकाळाकर, मी १९९८पासून उपवनला आहे, तळ्यासमोरच, दुसऱ्या मजल्यावर. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

डासांचं लोक उगाच तळ्यावर ढकलतात. डेंग्यूचा डास तळ्यात वाढत नाही. तो घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा उघडा पिंप. तळ्यात मासे आहेत, ते अळ्या खातात. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी उपडी करून कोरडी करा म्हणजे झालं. चिलटं मात्र आहेत. उन्हाळा संपताना आणि पावसाळ्यानंतर संध्याकाळी सात ते नऊ ट्यूबलाइटभोवती ढगच्या ढग. चावत नाहीत, पण आमटीत पडतात. आम्ही त्या दिवसांत हॉलमधला दिवा घालवून आत जेवतो. सकाळी खिडकीच्या चौकटीत काळी रांगोळी पडलेली असते, ती झाडून काढायची.

वास रोज नाही. मे अखेर पाणी खाली जातं, तळाचा गाळ तापतो तेव्हा येतो. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर कधीकधी पहाटे मासे मरून वर येतात. गटारांतला, रस्त्यावरचा मळ एकदम पाण्यात उतरतो आणि पाण्यातला प्राणवायू कमी पडतो. तो दिवस खिडक्या बंद ठेवून काढायचा.

ओल आहे. पावसाळ्यात पापड सादळतात, चपलांवर बुरशी येते, पुस्तकांच्या पानांना पिवळे डाग पडतात. घर बघायला जाल तेव्हा तळ्याच्या बाजूच्या भिंतीला लावलेलं कपाट पुढे ओढून मागची भिंत हाताने चाचपा. नुकताच रंग दिलेला असेल तर जास्तच चाचपा.

आता कोणी सांगत नाही ते सांगतो. तळ्यासमोर घर म्हणजे तळ्याचं पंचांग घरात. गणपतीत दीड दिवस, पाच दिवस, गौरी-गणपती, अनंत चतुर्दशी. पालिका काठाला कृत्रिम तलाव करते, त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा बरंच वाचलं. पण ढोल-ताशे कृत्रिम नसतात. मग छठपूजा, मग थंडीत कलामहोत्सव. रविवारी संध्याकाळी कणीसवाले, फुगेवाले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या. शनिवारी रात्री येऊरला जाणाऱ्या मोटारसायकली. आमची सोसायटी गेटवर साखळी लावते, तरी पाहुण्यांना गाडी लावायला जागा मिळत नाही.

एवढं सगळं असून मी हललो नाही. जुलैत पाऊस थांबला की डोंगरावरून धुकं घरंगळत पाण्यापर्यंत येतं. पहाटे खंड्या विजेच्या तारेवर बसलेला असतो, पाणकावळे पंख पसरून वाळत असतात. माझी बायको शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती, पलंग खिडकीशीच लावला होता.

पण तुम्हाला सल्ला एकच: रविवारी संध्याकाळी सात वाजता या, आणि मंगळवारी पहाटे साडेपाचला या. एजंट तुम्हाला बुधवारी दुपारी तीनलाच नेणार.

मिसळप्रेमी_ठाणेकर

कुठे राहावं ते माहीत नाही, पण मिसळ मामलेदारचीच. इथून कचराळी जवळ. निर्णय झाला.

तलावपाळीवाली

माझं माहेर मासुंद्याच्या काठी, म्हणजे तलावपाळीला. आजोबांच्या पंचांगाला +१. आमच्याकडे तर गुढीपाडव्याला कौपिनेश्वराची शोभायात्रा आणि दिवाळी पहाटेला अख्ख्या ठाण्याची तरुण पोरं नटूनथटून. गर्दी इतकी की त्या दिवशी दूधवाला यायचाच नाही. लहानपणी त्याचीच मजा वाटायची. आई म्हातारी झाल्यावर रात्री साडेअकराला रुग्णवाहिका गल्लीत शिरेना, तेव्हा मजा संपली.

म्हणून तुमच्या आईंसाठी मी कचराळीच म्हणेन. महापालिका भवनाच्या शेजारी तळं, भोवती सपाट फेरी, बसायला बाकं, आणि सकाळी सहापासून ज्येष्ठांची फौज. उपवनला फेरी मोठी, सुंदर, पण आजूबाजूला चढ-उतार आहे आणि डॉक्टर, बँक, भाजी यांसाठी रिक्षा लागते. पाचपाखाडीत त्या सगळं पायी करतील. तुम्हालाही ऐरोली सोपं: स्टेशन गाठायचं, ट्रान्स-हार्बरची गाडी, दिघा गाव आणि पुढचं ऐरोली. उपवनहून स्टेशनलाच सकाळी किती वेळ लागतो ते एकदा जीव मुठीत धरून बघा.

अवांतर: ठाण्यात पूर्वी साठच्या वर तळी होती म्हणतात. आता पस्तीसेक उरली. उथळसरचा जोगिला तलाव तर बुजून वर वस्ती झाली होती, तो पालिकेने पुन्हा मोकळा करायला घेतला. पोखरण रोडच्या नावातही पोखरण, म्हणजे तळंच. रिक्षावाल्यांना हे सांगून बघा, मीटर थांबवत नाहीत ही गोष्ट वेगळी.

कागदपत्रे_तपासा

सगळे डास आणि मिसळीत अडकलेत. १९९४ची इमारत आहे ना? म्हणजे तिशी ओलांडली. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी) सोसायटीने दर तीन वर्षांनी करायचं असतं. शेवटचा अहवाल मागा. "आहे, ऑफिसात आहे, देतो" म्हणाले तर हातात येईपर्यंत टोकन देऊ नका. पावसाळ्यापूर्वी पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, सी-१ (सर्वात धोकादायक) ते सी-३ (किरकोळ दुरुस्ती) अशा वर्गवारीत, तीही बघून घ्या.

हे एवढ्यासाठी सांगतो की मी भोगलंय. उपनगरातल्या एका जुन्या सोसायटीत घर घेतलं, चौथ्या महिन्यात सर्वसाधारण सभेत कळलं की अहवाल दोन वर्षांपासून कपाटात आहे आणि खांबांच्या दुरुस्तीसाठी प्रत्येकी तीन लाख काढायचे आहेत. विकणारा सभेच्या आधीच पुण्याला. सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही विचारलंच नाहीत.

तशा इमारतीत दुसरा प्रश्न पुनर्विकासाचा. डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का? बिल्डरशी बोलणी चालू आहेत का? असतील तर दोन-तीन वर्षांत तुम्ही पुन्हा भाड्याच्या घरात, आईंना घेऊन. तरुण जोडप्याला तो फायद्याचा सौदा, तुमच्या घरी नाही. कचराळीवालीही किती सालची ते लिहिलं नाहीत, तिथेही हेच विचारा.

बाकी: भोगवटा प्रमाणपत्र (राहायला पालिकेची परवानगी, ओसी) बघा. वर्षभराची मेंटेनन्सची बिलं मागा आणि त्यात टँकरचा खर्च शोधा, पाण्याचं खरं चित्र तिथे कळतं. हस्तांतरण शुल्क २५,००० रुपयांच्या वर सोसायटी घेऊ शकत नाही, "विकास निधी" म्हणून मागितलं तरी. घर वहिनींच्या एकटीच्या नावावर केलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत. वहिनी तळ्याच्या विरोधात आहेत, त्यामुळे ही सवलत तुम्हाला महागात पडेल ते बघा.

डोंगरवाडी

आणि बिबट्या? उपवनला बिबट्या येतो म्हणे.

पोखरणचे आजोबा

डोंगरवाडी, आम्ही त्याच्याकडे राहायला गेलोय, तो आमच्याकडे नाही. इतक्या वर्षांत मी एकदाही पाहिला नाही. कुत्री मात्र काही रात्री एका वेगळ्याच सुरात भुंकतात आणि मग एकदम गप्प होतात. माकडांची काळजी करा. जाळी नसेल तर केळी ओट्यावर ठेवू नका.

रंकाळाकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण आजोबांचा गृहपाठ पूर्ण करत होतो.

रविवारी सात वाजता उपवनला गेलो. गाडी लावायला पस्तीस मिनिटं, लेकीचं भाजलेलं कणीस, बायकोचा "बघितलंत?" असा चेहरा. फ्लॅटमध्ये गेलो, खिडक्या बंद केल्या तरी खालचा पिपाणीवाला स्पष्ट ऐकू येत होता. कपाट ओढायला लावलं. मालक नाखूश. मागे हातभर उंचीचा पोपडा, बोट लावलं तर रंग कागदासारखा सुटून आला आणि खाली प्लास्टर ओलं, गार.

मंगळवारी पहाटे साडेपाचला एकटाच गेलो. पाण्यावर वाफ होती. पायऱ्यांवर एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते, बाकी कोणी नाही. खरं सांगू का, तिथेच टोकन देऊन टाकलं असतं. बरं झालं चेकबुक घरी होतं.

ऑडिटचा अहवाल मागितला तर "पुढच्या सभेत ठेवणार आहोत" हे उत्तर. पुनर्विकासाबद्दल विचारलं तर सेक्रेटरींनी आधी दार लावून घेतलं आणि मग बोलायला सुरुवात केली. कागदपत्रे_तपासा, तुम्हाला एक मिसळ लागू.

मग आईला कचराळीला नेलं. दोन फेऱ्या मारून ती बाकावर टेकली. शेजारच्या आजींनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" कोल्हापूर म्हटल्यावर त्या म्हणाल्या, माझं सासर कागलचं. मी पाण्याची बाटली घेऊन परत येईतो दोघी पंचगंगेच्या पुरावर पोहोचल्या होत्या. निघताना आई मला म्हणाली, "उद्या किती वाजता यायचं?"

ही इमारत २००७ची. अहवाल मिळाला, टँकर वर्षातून चार-पाचदा, तोही पाणीकपातीत. टोकन दिलंय. घर बायकोच्या नावावर, सवलतीसकट. तळ्याचं माझं काय, तर रविवारी लेकीला घेऊन उपवनला यायचं असा तह झालाय.

तलावपाळीवाली

अभिनंदन! समोरच्या स्वयंपाकघरवाल्यांशी आधी ओळख करून घ्या, पडदे नंतर लावा. आमच्याकडे अशाच खिडकीतून विरजण मिळायचं.

पोखरणचे आजोबा

उत्तम केलंत. रविवारी याल तेव्हा सातच्या आत या, नंतर गाडीला जागा नाही. आणि येताना मुलीला सांगा, पाणकावळे देवळाच्या बाजूला नाही, पलीकडच्या काठाला बसतात.