पीएचपीत मराठी नाव तपासाचं कसं? गणपत पास होते अन् किसन अडकते

घाटंजीकडचा:
राजेहो, आमच्या इकडच्या शेतकरी कंपनीच्या तूर नोंदणीसाठी पीएचपीत (वेबसाइट बनवाची प्रोग्रॅमिंग भाषा) फॉर्म करून राह्यलो. नाव, मोबाइल, गट नंबर, पेरा किती, बँक शाखेचा कोड आयएफएससी, एवढंच. लोकं मोबाइलवर मराठीतच टाइप करते, अन् सातबाऱ्यावर नाव मराठीत हाय तं फॉर्मवर इंग्रजीत लिहा म्हणणं मले पटत नाई. म्हणून फक्त इंग्रजी अक्षरं घेणारं ए टू झेडवालं रेजेक्स (मजकूर तपासाचा नमुना) काढलं अन् प्रेग-मॅच या तपासाच्या फंक्शनमधी बॅकस्लॅश पी, महिरपी कंसात एल, म्हणजे कोणत्याबी भाषेचं अक्षर, असं टाकलं, शेवटी मराठी अक्षरं ओळखाले यू पण लावला. तरी "गणपत" पास होते, "किसन" अडकते. अन् "ज्ञानेश्वर पांडुरंग" तं लांबीतच उडते, मर्यादा ५० ची हाय, एवढं लांब नाव हाय का ते? काहून होते असं?

कापूसपट्टा:
भाऊ, गणपत म्हणजे चारही मोकळे अक्षरं, ना काना ना मात्रा. किसनमधल्या क ले वेलांटी हाय अन् युनिकोडमधी (सगळ्या भाषांच्या चिन्हांची कॉम्प्युटरची यादी) वेलांटी हे अक्षर नाई, ते चिन्ह हाय, त्याचा गट वेगळा, एम. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे त्यातच. म्हणून चौकोनी कंसात एल सोबत एम पण टाक अन् स्पेस, पण नावाची सुरुवात एल नंच होऊ दे, नाईतं नुसती वेलांटी टाकली तरी पास होईन.
लांबीचं सांगतो. लांबी मोजाले तू स्ट्रलेन वापरला असशीन, तो अक्षरं नाई मोजत, बाइट, म्हणजे साठवाची जागा, मोजते. यूटीएफ-८ मधी (मजकूर साठवाची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खाते. ज्ञानेश्वरचे ३०, स्पेसचा १, पांडुरंगचे २४, झाले ५५. एमबी-स्ट्रलेन लाव, तो १९ सांगते.
अन् रेजेक्सच्या शेवटी डॉलर (इथं मजकूर संपला, असं सांगणारं चिन्ह) असन तं काढ, बॅकस्लॅश बारका झेड टाक. डॉलर शेवटी नवी ओळ आली तरी चालवून घेते.

वर्धेची_ताई:
दादाचं बरोबर आहे पण एवढ्यावर थांबू नका. "वऱ्हाडे" आडनाव टाकून बघा, आपल्याकडे हे येणारच. काही कीबोर्ड त्यात नुक्त्याचा ऱ अन् हलन्त देतात, काही साधा र, हलन्त अन् मधात एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात, झेडडब्ल्यूजे. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं पण ते जोडचिन्ह एल मधेही नाही अन् एम मधेही नाही, म्हणजे एका वऱ्हाडेचा फॉर्म भरला जाईल अन् दुसऱ्याला "नाव चुकीचं" येईल! आपलंच नाव चुकीचं आहे असं कोणत्याही माणसाला मशीननं सांगू नये, मला हे फार लागतं. रेजेक्समधे २००डी अन् २००सी हे दोन कोड चालू ठेवा. शोधताना दोन वऱ्हाडे एकच यावे असं वाटत असेल तर शोधायची कॉपी वेगळी ठेवा अन् त्यातून हे दोन्ही काढून ऱ चा साधा र करा. मूळ नाव जसं लिहिलं तसंच जपा.

घाटंजीकडचा:
किसन पण गेला अन् वऱ्हाडे पण गेले, लय धन्यवाद ताई. आता पेऱ्याचं. "१.२०" टाकलं तं रेजेक्समधून जाते पण डेटाबेसमधी शून्य बसते.

कापूसपट्टा:
हे त्या यू मुळं हाय. यू लावला का बॅकस्लॅश डी (कोणताबी आकडा) देवनागरी आकडेबी धरते, म्हणून पास होते. पण फ्लोटमधी, म्हणजे दशांश संख्येत, बदलताना पीएचपीले फक्त इंग्रजी आकडे समजते, १.२० चं सरळ शून्य करते, ना एरर ना काही. आधी स्ट्रटीआर या चिन्हं बदलाच्या फंक्शननं ० ते ९ इंग्रजीत बदलून घे, मंगच तपास. अन् रिकामं हाय का पाहाले एम्प्टी वापरू नको, "विहिरी किती" मधी कोणी शून्य लिहिलं तं एम्प्टी त्याले रिकामंच समजते. ट्रिम करून (आजूबाजूची स्पेस काढून) रिकाम्या स्ट्रिंगसोबत तीन बरोबरच्या चिन्हानं ताड.

वर्धेची_ताई:
मोबाइल अन् आयएफएससी मात्र कडक ठेवा, तिथे नियम पक्का आहे. मोबाइल १० आकडी, सुरुवात ६ ते ९ नं, नंबराच्या अगोदर लावलेलं ०, +९१ अन् मधातल्या स्पेस आधी काढून टाका. आयएफएससी ११ चा, पहिले ४ अक्षरं, पाचवं शून्य, पुढचे ६ अक्षर किंवा आकडे. गट नंबर सैल सोडा, "४५/२अ" असाही असतो. नावाच्या रेजेक्समधे टिंब राहू द्या, कोणी "डॉ." लावतं. डेटाबेसची सुरक्षा रेजेक्सवर टाकू नका, त्यासाठी प्रिपेअर्ड स्टेटमेंट (डेटाबेसला आज्ञा अन् भरलेली माहिती वेगवेगळी देणं), अन् पेजवर दाखवताना एचटीएमएल-स्पेशलचार्स (भरलेला मजकूर पेजचा कोड म्हणून चालू न देणारं फंक्शन). ब्राउझरमधली तपासणी ठेवा पण तेच सगळं सर्व्हरवर परत करा, ब्राउझरची कोणीही बंद करू शकतं. अन् एक रकाना चुकला म्हणून भरलेलं बाकी सगळं उडवू नका, नेट गेलं-आलं करत अंगठ्यानं भरलेलं असतं ते.