कापडी पिशवी म्हणजे नुसतं मनाचं समाधान? (उत्तर लांबलंय)

नदीकाठची:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "कापडी पिशव्या, ओला-सुका कचरा, सायकल ही सगळी मध्यमवर्गाच्या मनाची समाधानं. धोरण बदला, बाकीचं सोडा." खाली पटापट 'सहमत' पडले. मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून वेगळा धागा.

पुण्यात 'स्वच्छ'च्या बायका २००८ पासून दारोदार कचरा गोळा करतात. संस्था त्यांचीच, सहकारी. तुम्ही भाजीच्या देठांत डायपर कोंबलंत की ते त्यांना हातानं वेगळं करावं लागतं. तुमचं धोरण येईपर्यंत त्यांनी तसंच करत राहायचं का? आमच्या मजल्यावर एक गृहस्थ हवामानबदलावर तासभर बोलतात आणि सगळा कचरा एकाच पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवतात.

सातवा_मजला:
ती पोस्ट माझी. डायपर कोंबा असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

२३ जून २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. आमच्या मंडईत पावती फाटली ती कोपऱ्यावरच्या कोथिंबीरवालीची. मोठ्या कंपन्यांची वेफरची पाकिटं आजही तशीच लटकताहेत आणि किराणा दुकानांना काही दिवसांतच पॅकिंगसाठी सूट मिळाली. 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे एकेका माणसामागे हवेत किती कार्बन जातो त्याचा हिशेब, घरोघर पोचवला तोही बीपीसारख्या तेल कंपनीच्या जाहिरातींनी. आपण एकमेकांच्या पिशव्या तपासत बसावं, हेच त्यांना हवंय.

नगरचा_कोरडवाहू:
दोघंही शहराबाहेर बघा जरा. आमच्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाला पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. तिथे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. किती पाणी पडलं ते मोजून कोणतं पीक घ्यायचं हे ग्रामसभेत ठरतं. ही वैयक्तिक निवड की सामूहिक? माझ्या चुलत्यांनी आमच्या गावात एकट्यानं ऊस सोडला. शेजाऱ्यानं आणखी खोल बोअर मारला आणि त्यांची विहीर आटली. एकट्याच्या शहाणपणाचं हे असं होतं.

सातवा_मजला:
मग तुम्ही माझंच म्हणणं मांडताय.

नगरचा_कोरडवाहू:
नाही. तिथे आधी माणसांनी स्वतः पाळलं, म्हणून ग्रामसभेतला ठराव टिकला. वरून जीआर आला असता तर गुंडाळून ठेवला असता.

पीएमटीचा_प्रवासी:
बसबद्दल कोणी बोलणार आहे का? देशातला पहिला बीआरटी मार्ग, म्हणजे फक्त बससाठी राखीव लेन, पुण्यात झाला, २००६ साली. नगर रस्त्यावरचा मार्ग तर उखडून टाकला. स्टॉपवर ताटकळून शेवटी माणूस हप्त्यावर दुचाकी घेतो, आणि मग त्यालाच पर्यावरणाचं भान नाही म्हणून ऐकवायचं!

फुरसुंगीकर:
इतका वेळ वाचतोय. कचरा पुण्याचा, पण चर्चेत आमचं गाव कुठेच नाही.

वर्षानुवर्षं तुमचे ट्रक उरुळी-फुरसुंगीच्या डेपोत रिकामे झाले. आमच्या विहिरींचं पाणी गेलं, पिण्याला टँकर आला. वास असा की लग्नाची बोलणी करायला आलेले पाहुणे चहा टेकवून उठायचे. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपो पेटला, तेव्हा आम्ही गाड्या अडवल्या आणि शहरात कचऱ्याचे ढीग लागले. तेव्हा कुठे तुम्हाला ओला-सुका आठवला.

नदीकाठची:
आमच्याकडे त्याआधीपासून वेगळा होतो.

फुरसुंगीकर:
तुमच्या घरी होत असेल, ताई. ट्रकमध्ये सगळा एकत्रच यायचा. मी गेटवर उभं राहून पाहिलंय.

सातवा_मजला:
हेच म्हणतोय ना मी! घरात वेगळा करा, गाडीत पुन्हा एक होतो.

फुरसुंगीकर:
तुम्ही आमच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. रोज शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा, हा नियम २०१६ चा आहे. धोरण हवं होतं ना? ते आहे. तुमच्या सोसायटीतला खतप्रकल्प चालू आहे का? एवढंच सांगा.

सातवा_मजला:
बंद आहे. बिल्डरनं यंत्र बसवलं ते पूर्णत्वाच्या दाखल्यापुरतं. कमिटीत दोनदा विषय काढला, वास येतो म्हणून पहिल्या मजल्यावाले भांडायला उठले.

फुरसुंगीकर:
त्यांना वास आठवडाभर सोसेना. आम्ही पिढी काढली त्यात.

नदीकाठची:
यावर बोलायला माझ्याकडे काही नाही. पण सातवा_मजला, कमिटीशी भांडणं हेही 'मनाचं समाधान'च का? यंत्र चालायचं तर घराघरातून ओला कचरा वेगळाच यायला हवा.

सातवा_मजला:
ठीक आहे, तेवढं मान्य. ओट्यापासून सुरुवात करावी लागते. पण कोथिंबीरवालीच्या दंडाबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

पीएमटीचा_प्रवासी:
आणि बसबद्दल कोणीच नाही.

फुरसुंगीकर:
सर्वसाधारण सभा कधी आहे तुमची? यंत्राचा विषय लेखी द्या, पोच घ्या. तोंडी काढलेला विषय इतिवृत्तात येत नाही.