कॉन्टॅक्स-२: रंगाआधी फिती

आजोबांच्या कॉन्टॅक्स-२ कॅमेऱ्याचं शटर अडकलंय आणि दुरुस्तीसोबत तो काळा रंगवून, लाल चामडं लावून घ्यायचाय, असं तुम्ही लिहिलंय. रंगाचं राहू द्या, आधी शटरच्या फिती बघा.

१९३६ सालच्या या कॅमेऱ्याचं शटर कापडी पडद्याचं नाही. पितळेच्या बारीक पट्ट्या वरून खाली धावतात आणि त्यांना दोन रेशमी फिती ओढतात. बहुतेक वेळा तुटतात त्या याच. मी एकदा दुकानातली साटिनची फीत घातली होती. दोन रोलनंतर ती ताणली आणि फोटोचा एक भाग काळपट येऊ लागला. फीत जाडीला आणि लांबीला अगदी मापाचीच हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर कॉन्टॅक्स बनवण्याची जर्मन यंत्रसामग्री सोव्हिएत युनियनमध्ये गेली आणि त्याच घडणीचे कीव्ह कॅमेरे निघाले, त्यामुळे जुना बंद पडलेला कीव्ह सुट्या भागांसाठी जरूर शोधा.

चामड्यावर फोड दिसतात ना? खाली पितळ गंजून हिरवी पूड साचलेली असते. चामडं हलकेच उचलून ती खरवडून काढा.

चामडं बदला हवं तर, ते पुन्हा बदलता येतं. पण काळ्या रंगासाठी क्रोमचा मुलामा घासून काढू नका, कळकळीने सांगतो. आजोबांच्या बोटांनी झिजलेल्या कडा परत येणार नाहीत.