रानातील खड्ड्यात दिसलेले मातीचे थर कसे लिहावेत, आणि ही माती कोणत्या वर्गात घालावी?

हिरडा (प्रश्न)

नमस्कार. मुळशी तालुक्यात आमच्या मालकीचे सुमारे तीन एकर रान आहे. आजोबांच्या काळापासून तेथे नांगर लागलेला नाही. ऐन, हिरडा, जांभूळ आणि वरच्या अंगाला कारवी अशी झाडी आहे. झाडांची नोंदवही पूर्ण झाल्यावर मातीचीही रीतसर नोंद असावी, या हेतूने मार्चमध्ये मधल्या उतारावर, पायवाट आणि वारुळे टाळून, एक मीटर रुंद व सव्वा मीटर खोल खड्डा घेतला. रंग पाहण्यासाठी मन्सेल रंगपुस्तिका (मातीचे रंग आकड्यांत सांगणारी नमुना-पुस्तिका) एका परिचितांकडून आणली होती, त्यामुळे ओल्या मातीचे रंग तिच्याशी ताडून लिहिले आहेत.

सर्वांत वर तीन-चार सेंटिमीटर पालापाचोळा आहे. त्याच्या तळाची पाने इतकी कुजलेली आहेत की ती कोणत्या झाडाची हे ओळखू येत नाही. त्याखाली २२ सेंमीपर्यंत काळपट तपकिरी, भुसभुशीत, मुळांनी भरलेली माती आहे. तिचा रंग ७.५ वायआर ३/२ (छटा ७.५ वायआर, उजळपणा ३, क्रोमा म्हणजे रंगाची तीव्रता २) आहे. २२ ते ४८ सेंमी तांबूस तपकिरी माती असून तिच्यात अणकुचीदार दगड बरेच आहेत. ४८ ते ९६ सेंमी तांबडी, जड माती आहे, दगड जवळजवळ नाहीत, आणि ढेकूळ फोडल्यास त्याच्या कडा चकाकतात. या दोन्ही थरांचा रंग ५ वायआर ३/४ च्या आसपास येतो. ९६ सेंमीखाली मुरूम असून त्यात ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके आहेत. ती चुनखडी असावी असे मला वाटते.

प्रयोगशाळेतून कणांचे प्रमाण आले आहे. वरच्या थरात चिकणकण (सर्वांत बारीक कण) २४, पोयटा (मध्यम आकाराचे कण) ४० आणि वाळू ३६ टक्के. मधल्या थरात ३१, ३८ आणि ३१. खालच्या थरात ४१, ३२ आणि २७. सामू (पीएच) वरून खाली ६.४, ६.१ व ६.०, आणि सेंद्रिय कर्ब २.६, १.१ व ०.६ टक्के आहे.

माझ्या अडचणी तीन आहेत. हाताने मळून पाहिल्यास तिन्ही थर पोयट्याचेच वाटतात, मग प्रयोगशाळा सर्वांत खालच्या थराला चिकणमाती का म्हणते? थरांना कोणती अक्षरे द्यावीत? आणि अखेरीस या मातीला काय म्हणावे? गावात सर्वजण हिला ‘जांभ्याची माती’ म्हणतात.

ढेकूळ

मृदा सर्वेक्षणात बरीच वर्षे काढलेली असल्याने थोडे सविस्तर लिहितो. आपली नोंद चांगली आहे. बहुतेक लोक केवळ ‘वर काळी, खाली लाल’ एवढेच लिहून थांबतात.

प्रथम हाताच्या परीक्षेविषयी. वरचा थर खरोखरच पोयट्याचा आहे (‘पोयटा’ हे मध्यम कणांचे नाव आहे, तसेच मातीच्या एका वर्गाचेही), कारण त्या वर्गात चिकणकण ७ ते २७, पोयटा २८ ते ५० आणि वाळू ५२ टक्के किंवा त्याहून कमी असावी लागते, आणि आपले तिन्ही आकडे त्या चौकटीत बसतात. मधला थर चिकण-पोयट्याचा आणि खालचा चिकणमातीचा आहे. तांबड्या मातीत लोहाची ऑक्साइडे चिकणकणांना एकमेकांशी इतकी घट्ट बांधून ठेवतात की त्यांचे बारीक खडे बोटांना पोयटा किंवा वाळूच वाटतात, आणि एक-दोन मिनिटे मळून मत बनवणारा माणूस हमखास फसतो. पुढच्या वेळी मूठभर माती थोडे-थोडे पाणी घालत, पोळीची कणीक तिंबतो तशी, सात-आठ मिनिटे तिंबा आणि मग अंगठा व तर्जनी यांच्यात दाबून तिची पट्टी काढा. पोयट्याची पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आत तुटते, चिकण-पोयट्याची अडीच ते पाच सेंटिमीटर टिकते आणि चिकणमातीची त्याहून लांब निघते. प्रयोगशाळेत हेच बंध रसायन घालून आणि नमुना ढवळून सोडवले जातात, म्हणून तेथील आकडा अधिक विश्वसनीय असतो.

आता अक्षरे. पालापाचोळा म्हणजे ‘ओ’, काळपट थर म्हणजे ‘ए’. ‘ओ’ची जाडी जुन्या अहवालांत खनिज मातीच्या पृष्ठभागापासून वरच्या दिशेने, म्हणजे ‘४–०’ अशी लिहीत. नव्या पद्धतीत पालापाचोळ्याच्या माथ्यापासून खाली मोजतात. आपण शून्य कोठे धरला आहे हे नोंदीत एका वाक्यात लिहून ठेवा, अन्यथा दहा वर्षांनी आपल्यालाच ते आठवणार नाही. मधल्या दोन थरांना ‘बी’ (‘ए’खालचा, मुरमावरचा थर) मिळेल. त्यापुढे ‘टी’ लावायचा असेल, तर चिकणकण वरून पाण्याबरोबर उतरून खाली साचले आहेत असे दाखवावे लागते. वरच्या थरात चिकणकण १५ ते ४० टक्के असतील तर खालच्या थरात ते किमान १.२ पट असावेत असा नियम आहे. आपल्या बाबतीत २४ ची १.२ पट म्हणजे २८.८ होते, आणि मधल्या थराचे ३१ त्याच्या पुढे आहे.

परंतु केवळ आकडा पुरेसा नाही. आपण ज्या चकाकणाऱ्या कडा म्हणता, त्या दहापट भिंगातून पाहाव्यात. चिकणकणांची साय ढेकळांच्या बाहेरच नव्हे, तर जुन्या मुळांच्या पोकळ नळ्यांतही आतून सारवल्यासारखी दिसते. फुगून-आकसून एकमेकांवर घासल्यामुळे आलेली चकाकी मात्र नळ्यांत नसते. माझ्या मते हा फरक न पाहता ‘बीटी’ लिहिणे ही क्षेत्रकामातील सर्वांत सामान्य चूक आहे, आणि सुरुवातीच्या काळात मीही ती अनेकदा केलेली आहे.

मुरमाबद्दलही एक गोष्ट तपासा. मुळे त्यात फक्त फटींतून उतरत असतील आणि त्या फटी एकमेकींपासून दहा सेंटिमीटर किंवा अधिक अंतरावर असतील, तर तो ‘सीआर’ (मऊ पडलेला खडक). मुळे सर्वत्र पसरत असतील तर नुसता ‘सी’.

वारूळ

मी भूशास्त्र शिकवतो, म्हणून मुरमातील पांढऱ्या ठिपक्यांवर लिहितो. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच आहे.

ते बहुधा चुनखडी नाहीत, झिओलाइट नावाचे खनिज असावे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. चुनखडी फसफसते, झिओलाइट फसफसत नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखी झिओलाइट खनिजे भरली. पुणे परिसरातील खाणींतून निघणारे असे स्फटिक जगभरातील संग्रहालयांत गेलेले आहेत.

याचा मातीशी संबंध असा. इतक्या पावसात मातीतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुपून जावे आणि माती बरीच आम्लधर्मी व्हावी, असे पाठ्यपुस्तक सांगते. आपला सामू मात्र ६ च्या खाली गेलेला नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतील शास्त्रज्ञांनी सह्याद्री आणि सातपुड्यातील रानांखालच्या मातींचा अभ्यास करून २००६ मध्ये असे मांडले की, कॅल्शियमयुक्त झिओलाइट हळूहळू विरघळत राहिल्याने धुपून गेलेल्या कॅल्शियमची भरपाई होत राहते, आणि म्हणूनच उष्ण व पावसाळी हवामानातही काळपट, सुपीक थराच्या माती तेथे टिकून आहेत. त्यात पालापाचोळ्याची भर पडते, कारण झाडे खोलवरचे कॅल्शियम उचलून पानांवाटे पुन्हा वर टाकतात.

गावात जे म्हणतात त्याविषयी: तांबडी माती म्हणजे जांभ्याची माती नव्हे. जांभा हा लोह आणि ॲल्युमिनियम यांनी समृद्ध, उघड्यावर वाळून कडक होणारा थर असतो. कोकणात त्याचे चिरे कापून घरे बांधतात. आपल्या खड्ड्यात तसे काही दिसत नाही, आणि ज्या मातीखाली अजून झिओलाइट शिल्लक आहे ती जांभा होण्याच्या वाटेवर फार पुढे गेलेली नाही असे समजावे.

एक शंकाही नोंदवतो. मधल्या थरात अणकुचीदार दगड आणि खालच्या थरात एकही नाही, याचा अर्थ वरचे अर्धा मीटर साहित्य डोंगरउतारावरून घसरून आलेले असण्याची दाट शक्यता आहे. तसे असेल तर वर-खालच्या चिकणकणांतील फरकाचा काही भाग मुळात दोन वेगळ्या साहित्यांमुळे आहे, साचण्यामुळे नव्हे. जवळपास ओढ्याने कापलेला काठ असल्यास दगडांची ओळ सलग जाते का, हे पाहावे. ती सलग असेल तर तिच्याखालच्या थराच्या अक्षरापूर्वी ‘२’ लावतात, म्हणजे ‘२बीटी’.

जुना नकाशा

मृदाशास्त्राचा विद्यार्थी आहे. वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, फक्त वर्गाच्या नावाबाबत घाई नको असे सुचवतो.

काळपट थर पाहून ‘मॉलिसॉल’ (जाड, काळपट, सुपीक वरचा थर असलेली माती) म्हणण्याचा मोह होतो. अमेरिकी मृदा वर्गीकरणात त्यासाठी ओल्या मातीच्या रंगाचा उजळपणा ३ किंवा कमी, क्रोमा ३ किंवा कमी, सेंद्रिय कर्ब किमान ०.६ टक्के, आणि बेस सॅच्युरेशन, म्हणजे कणांवरील जागांपैकी कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम व सोडियम यांनी व्यापलेला वाटा, ५० टक्के किंवा अधिक लागतो. आपल्याकडे रंग आणि कर्ब बसतात. अडचण जाडीची आहे. आपल्या मातीसारख्या, ७५ सेंमीपेक्षा खोल ‘बी’ थर असलेल्या मातीत हा काळपट थर २५ सेंमी हवा. आपला २२ आहे, आणि त्याखालील थराचा क्रोमा ४ असल्याने तो मोजणीत घेता येत नाही. वर्ल्ड रेफरन्स बेस या आंतरराष्ट्रीय पद्धतीत मात्र हीच अट २० सेंमीची आहे. त्यामुळे तीच माती एका पद्धतीत ‘ॲल्फिसॉल’ (खाली चिकणकण साचलेली, बऱ्यापैकी सुपीक माती) आणि दुसरीत ‘फेओझेम’ (काळपट वरच्या थराची माती) ठरू शकते. मला यात विसंगती वाटत नाही, पण नोंदीत पद्धतीचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष न लिहिणे ही मात्र चूक ठरेल.

शिवाय मुळशीत पाऊस प्रचंड पडतो म्हणून ओलाव्याचा प्रकार ‘युडिक’ (वर्षाचा बहुतेक काळ ओलसर) धरला पाहिजे ना? तसे झाले तर पुढचे सर्व नावच बदलेल.

ढेकूळ

नाही. या वर्गवारीत पाऊस किती मिलिमीटर पडतो हे विचारत नाहीत; मातीचा ठरावीक खोलीवरचा भाग सामान्य वर्षात किती दिवस कोरडा असतो, हे विचारतात. वर्षात एकूण ९० किंवा अधिक दिवस तो पूर्ण किंवा अंशतः कोरडा राहत असेल तर ‘युडिक’ म्हणता येत नाही. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि डिसेंबरनंतर ओढेही आटतात. म्हणून येथे ‘उस्टिक’च (वर्षातील काही काळ कोरडा राहणारा प्रकार) योग्य. जाडीबाबतचे तुमचे म्हणणे मात्र बरोबर आहे. त्याला जोडून एवढेच सांगतो की रानातील थराची सीमा कधीच सरळ नसते. एका फुटपट्टीने एका जागी घेतलेल्या २२ या आकड्यावर मी कोणताही निर्णय करणार नाही.

बेस सॅच्युरेशनचा खालचा नमुनाही हवा. ॲल्फिसॉल की अल्टिसॉल (तशीच, पण कॅल्शियम वगैरे बरेच निघून गेलेली माती) हे वरच्या थरावर ठरत नाही. ‘बीटी’च्या माथ्यापासून १२५ सेंमी खाली, किंवा मुरूम त्याआधी लागत असेल तर मुरमाच्या लगेच वर, हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर आहे की खाली यावर ठरते. आणि तेथे बेरजेच्या पद्धतीचे आकडे मागा, अमोनियम ॲसिटेटचे नव्हे (या प्रयोगशाळेतील मोजणीच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत). दोन्हींत बराच फरक पडतो. नमुना सावलीत वाळवा, भट्टीत नको.

हिरडा

सर्वांचे आभार. सुचवल्याप्रमाणे सर्व पाहिले, म्हणून उशिरा लिहीत आहे.

आम्लाचा थेंब कोणत्याही ठिपक्यावर फसफसला नाही. माती आठ मिनिटे तिंबल्यावर खालच्या थराची पट्टी सहा सेंटिमीटर निघाली, आणि पहिल्या वेळी मी जेमतेम अर्धे मिनिट मळले होते हे कबूल करतो. भिंगातून मुळांच्या नळ्यांत तांबूस साय स्पष्ट दिसली. मधल्या थरात तुरळक, खालच्या थरात भरपूर. मुळे मुरमात फक्त दूरदूरच्या भेगांतून जातात.

खड्ड्यापासून सुमारे चाळीस पावलांवरील ओढ्याचा काठ पहारीने साफ केला. दगडांची ओळ तेथेही सलग आहे, फक्त ती थोडी वर, वीस ते पंचेचाळीस सेंमीच्या दरम्यान आहे. त्यामुळे माझी नोंद आता ओ, ए, बीटी१, २बीटी२, २सीआर अशी झाली आहे (शेवटचा आकडा ‘बीटी’ थरांचा वरून खाली क्रम दाखवतो).

काळपट थराची जाडी खड्ड्याच्या तीन भिंतींवर सात ठिकाणी मोजली: १९, २२, २३, २४, २५, २७ आणि २८. सरासरी २४ आली. बेस सॅच्युरेशन वरच्या थरात अमोनियम ॲसिटेट पद्धतीने ७४ टक्के आणि मुरमाच्या लगेच वर बेरजेच्या पद्धतीने ५८ टक्के आहे.

ढेकूळ

मग अमेरिकी पद्धतीत ॲल्फिसॉल, आणि त्यातील उस्टाल्फ हा उपवर्ग, येथपर्यंत मी निःशंकपणे लिहीन. त्यापुढील ‘हॅप्लुस्टाल्फ’ हे नाव तात्पुरते ठेवा, कारण त्यासाठी चिकणकणांची कॅटायन विनिमय क्षमता (कॅल्शियमसारखे आयन धरून ठेवण्याची ताकद) लागेल आणि ती आपल्या तक्त्यात नाही. बीटी१ मधील साय तुरळक आहे आणि तो थर घसरून आलेल्या साहित्यातला आहे, हे शेऱ्यात लिहा. सात मोजमापांपैकी तीन २५ किंवा त्याहून अधिक आहेत हेही लिहा, म्हणजे वरच्या अंगाला दुसरा खड्डा घेणाऱ्याला तेथे मॉलिसॉल मिळाला तर तो आपल्याला चुकीचे ठरवणार नाही.

वारूळ

दुसरा खड्डा घेतलाच, तर तो कारवीच्या पट्ट्यात घ्यावा. आणि पहिला खड्डा पावसापूर्वी बुजवताना माती ज्या क्रमाने काढली त्याच्या उलट क्रमाने भरा, काळपट माती सर्वांत शेवटी. एका कोपऱ्यात मुरमाच्या पातळीवर रंगीत प्लॅस्टिकचा तुकडा पुरून ठेवल्यास, पुढे कोणी तेथेच खणले तर ही जागा आधी उकरलेली आहे हे त्याला कळेल.