१०८ वाले, रात्रपाळीत हसू आवरलं नाई असं कधी झालं का?

काळी_माती: मी वणीकडं १०८ वर पायलट आहो, सहा वर्षं झाली. ड्रायव्हर म्हटलं तरी चालते. फोन आधी पुण्याले लागते, तिथून आमाले. तिथली ताई इचारते, "घराजवळची खूण सांगा." बुढी म्हणते, "कडुनिंब." "अजून काही?" "दुसरा कडुनिंब."

मागच्या पावसाळ्यात पऱ्हाटीत एकाले परड चावली, म्हणजे घोणस. भाऊ साप मारून जेवनाच्या डब्यात घेऊन बसला. डॉक्टर म्हणाले, "हा कायले आनला? नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारहीवर एकच औषध." तो म्हणे, "पुरावा पाह्यजे न साहेब." पुढं पांदणीत गाडी फसली. पेशंट उठाले लागला, "मी उतरतो, वजन कमी होईन." डॉक्टर खेकसले, हलू नको म्हणून. मंग मी अन् त्याचा साळा चिखलात ढकलतो, अन् हा झोपल्या झोपल्या सांगते, "डावीकडं कापा, डावीकडं!"

वाचला. तुमचे किस्से सांगा.

दोन_नंबर_शिफ्ट: मी कॉल घ्यायचे. "पहिलटकरीण आहे, अडली, लवकर या." मी वय विचारलं. "चार." माझा पेनच थांबला. "चार काय?" "वर्षं. मुऱ्हा म्हैस आहे, मॅडम." १९६२ लावा म्हटलं, तर म्हणाला, "ते ढोराइचे डॉक्टर न? मले चांगला पाह्यजे."

उपकेंद्र_ताई: आमच्या गावात ठाऊक आहे, मयत या गाडीत नेत नाहीत. म्हणून एका पोरानं फोनवर सांगितलं, "बुढ्यात थोडा जीव आहे." आम्ही पाहिलं तर अंग पार ताठलेलं, सकाळीच गेलेला. डॉक्टर चिडले, "जीव कुठं आहे?" पोरगा म्हणाला, "आमचा आहे न त्याच्यात." आधी कोणी हसलं, मग कोणीच नाही.

सरळ_बोलतो: लोकं मरून राह्यले अन् तुमाले मजा सुचते?

काळी_माती: भाऊ, थिमेट, म्हंजे वावरातलं कीटकनाशक, पेलेल्या पेशंटचं इथं एक अक्षर लिहिलं का मी? त्या गाडीत कोणी बोलत नाई. गाडी धुतली तरी दोन दिवस वास राह्यते. म्हणून डब्याचं सांगतो.

अन् तो परडवाला पंधरा दिवसानं स्टँडवर भेटला. हात जोडन म्हणून मी थांबलो. तं म्हणे, "भाऊ, तो स्टीलचा डबा कुठं गेला? बायको रोज इचारते."