बांधावरून मारामारी, ११८(१) चा गुन्हा, पुढे काय?

प्रश्न: भावकीत बांधावरून भांडण झालं. मेहुण्यावर भारतीय न्याय संहितेची कलमं ११८(१) (घातक हत्याराने दुखापत), ११५(२) (साधी दुखापत) आणि ३५२ (मुद्दाम अपमान) लागलीत. पोलिसांची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे हजर राहायची नोटीस आलीय. अटक होईल का? आपसात मिटेल का?

काळी_माती: नोटिशीच्या तारखेला हजर राहाच. हजर राहिल्यावर अटक करायची तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. गैरहजेरी मात्र अंगाशी येते. ११८(१) अजामीनपात्र आहे, धास्ती वाटत असेल तर सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन मागा.

तारीख_पे_तारीख: सगळं जखमेच्या दाखल्यावर फिरतं, तो आधी वाचा. हत्यार सिद्ध झालं नाही तर ११५(२) उरतं, कमाल १ वर्ष, आणि जखमी राजी असेल तर मिटतं. ११८(१) ला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हत्याराने हाड मोडलेलं निघालं तर ११८(२) (गंभीर दुखापत), तिथे कैद किमान १ वर्ष, कमाल जन्मठेप! ११८(१) खालच्या कोर्टात मिटत नाही. समझोता झाल्यास फिर्यादीच्या प्रतिज्ञापत्रासह उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करायला अर्ज करा.

सातबारा: दोषारोपपत्राच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून वगळण्याचा अर्ज द्या (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २६२). ही मुदत फार जण घालवतात.